मंगलाताईंचा उन्हाळा

हेमंतराव वैरागडे कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. खरं तर त्यांना माईक हवा होता. तो पुढे भोपाळमधल्या अवधपुरीच्या महाराष्ट्र मंडळाने दिला, आणि मग काही तो त्यांच्या हातून सुटला नाही.

भाषणाचा विषय ठरलेला असे : येणारं युग हातांचं आहे. पदव्यांचे दिवस गेले. लिहायचं काम कॉम्प्युटर करेल, हिशेब कॉम्प्युटर करेल, साहेबाची खोटी स्तुतीसुद्धा कॉम्प्युटरच करेल. पण स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तर पाना घेऊन कॉम्प्युटर येणार आहे का? इथे थोडं थांबून ते आवाज चढवत, “जर्मनीत प्लंबर मर्सिडीजमधून येतो!” हेमंतराव पासपोर्टसाठी फोटो काढण्यापलीकडे परदेशाच्या दिशेने कधी गेले नव्हते, पण वाक्य असं ठणकावून म्हणत की जणू त्या मर्सिडीजमध्ये मागच्या सीटवर तेच बसले होते. टाळ्या पडत. सभागृहातल्या प्रत्येक आईबापाला अगदी मनापासून पटे, की दुसऱ्यांच्या मुलांनी प्लंबर व्हायला हवं.

त्यांच्या पत्नी मंगलाताई पहिल्या रांगेत बसून हे सगळं तोंडपाठ ऐकत आणि टाळ्या कुठे पडणार हे ठाऊक असल्याने त्याच्या जरा आधीच सुरू करत.

त्यांची एकुलती एक मुलगी सायली इंजिनिअर झालेली. एम. पी. नगरातल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायची. मग कंपनीने चुका शोधणारं यंत्रच आणलं, आणि पहिली चूक म्हणून सायलीचा अख्खा विभाग काढून टाकला. ती घरी आली. हेमंतरावांनी तिला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला घातलं. रोज सकाळी ती पाठीला बॅग लावून जायची, दुपारी उन्हाने काळवंडून परतायची. बँकेचा अभ्यास एवढा उन्हातला असतो हे पाहून मंगलाताईंना वाईट वाटायचं.

दिवाळीनंतर एका रात्री जेवताना सायली म्हणाली, “आई, बाबा, माझा कोर्स संपला. पण तो बँकेचा नव्हता. मी एसी दुरुस्ती शिकले. आता स्वतःचं काम सुरू करतेय.”

हेमंतरावांचा घास हातातच राहिला. “पण तू तर इंजिनिअर आहेस!”

“बाबा, येणारं युग हातांचं आहे.”

“अगं, ते भाषण आहे!”

हेमंतरावांनी भाताचा ढीग चिवडत एवढंच म्हटलं, “शिवाय जर्मनीची गोष्ट वेगळी आहे.”

हेमंतरावांना प्रश्न तत्त्वाचा पडला होता, म्हणून त्यांना झोप लागली. मंगलाताईंचा प्रश्न लोकांचा होता. त्या जाग्या राहिल्या.

लोक विचारणारच होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रत्नप्रभाताईंनी विचारलंच. रत्नप्रभाताई म्हणजे मंडळाच्या महिला शाखेच्या अध्यक्ष. नेहरू नगरात बंगला, नवरा नरहरराव सरकारी सचिवालयातून मोठ्या पदावरून निवृत्त. त्यांनी वाण हातात ठेवता ठेवता विचारलं, “मग सायली काय करते हल्ली?”

मंगलाताईंच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “ती... हवामान क्षेत्रात आहे.”

“अगंबाई! हवामान खात्यात? सरकारी?”

मंगलाताईंनी तिळगुळाचा लाडू तोंडात टाकला. तोंडात लाडू असलेल्या बाईला हो किंवा नाही म्हणता येत नाही. रत्नप्रभाताईंनी तो होकार धरला, आणि आठ दिवसांत अख्ख्या अवधपुरीत मंगलाताईंची मुलगी सरकारी नोकरीत लागली. शेजारचे तिवारीजी गेटवरून हाक मारून विचारू लागले, “भाभीजी, बिटिया से पूछिए ना, ठंड कब जाएगी?” मंगलाताई आकाशाकडे बघून म्हणत, “दस-पंद्रह दिन.” थंडी कधी ना कधी जातेच. त्यामुळे अंदाज बरोबर निघू लागले.

सायलीला यातलं काही माहीत नव्हतं. ती कोर्समधल्या विनिता नावाच्या मैत्रिणीबरोबर कामं करत होती. थंडीत एसी कोण दुरुस्त करून घेणार? कामं थोडी, चुका जास्त. एका घरी तिने पाइप नीट जोडला नाही आणि सगळं पाणी त्यांच्या शोकेसमधल्या बाहुल्यांवर गळलं. ती दुसऱ्या दिवशी जाऊन फुकट काम करून आली आणि बाहुल्याही पुसून आली.

मार्चच्या सुरुवातीला रत्नप्रभाताईंच्या मुलाचं, परीक्षितचं लग्न होतं. मुलगी अमरावतीची, संपदा, एमबीए केलेली. रिसेप्शन मोठ्या मॅरेज गार्डनमध्ये, उघड्यावर ठेवायचं की हॉल घ्यायचा, यावर घरात वाद चालला होता. रत्नप्रभाताईंनी वाद संपवायला मंगलाताईंना फोन केला.

“मंगलाताई, जरा सायलीला विचारून सांगा हो. पाऊसबिऊस नाही ना?”

खरं सांगायची ही शेवटची संधी होती, हे मंगलाताईंना त्या क्षणीही कळलं होतं. पण फोनवर लाडूचा आधार नव्हता. त्या म्हणाल्या, “नाही हो. मार्चमध्ये भोपाळात कसला पाऊस?”

रिसेप्शनच्या संध्याकाळी आधी वारा सुटला. मग ढग आले, मग गारा. लिंबाएवढ्या गारा पनीरच्या भांड्यात टपाटप पडू लागल्या. मांडव एका बाजूने बसला. नवरानवरी स्टेजवरच्या सोफ्याखाली शिरली, आणि नरहरराव डोक्यावर पुरीची परात धरून पाहुण्यांना “या, या” म्हणत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रत्नप्रभाताई वैरागड्यांच्या दारात हजर झाल्या. त्यांच्या अंगावर कालचाच शालू होता की काय असं वाटावं इतक्या त्या अजून ओल्या रागात होत्या.

“तुमच्या सायलीला सांगा, असल्या अंदाजांवर सरकार पगार कसा देतं? सगळ्यांसमोर तोंड दाखवायला जागा राहिली नाही आमची!”

नेमकी त्याच वेळी सायली बाहेर पडत होती. खांद्यावर शिडी, हातात हत्यारांची पेटी. तिला आधी काही उमगेना. उमगल्यावर तिने आईकडे एकदा बघितलं आणि शिडी भिंतीला टेकवली.

“काकू, मी एसी दुरुस्त करते. हवामानाशी माझा संबंध एवढाच, की गरम व्हायला लागलं की लोक मला फोन करतात.”

“एसी? म्हणजे मेकॅनिक?”

“हो.”

रत्नप्रभाताईंनी शिडीकडे बघितलं, मग पेटीकडे, मग मंगलाताईंकडे. काल गारांनी त्यांचं जे गेलं होतं, ते सगळं या एका बातमीने भरून निघालं असावं, कारण त्या जाताना हसत गेल्या. बातमी त्यांच्याआधी नेहरू नगरात पोचली.

त्यानंतर मंडळात मंगलाताई गेल्या की बायकांचं बोलणं थांबायचं. एकीने तर हळूच जवळ येऊन विचारलं, “घरात काही अडचण आहे का? ह्यांच्या ओळखीने कुठे चिकटवू का सायलीला?” हेमंतरावांच्या भाषणातून जर्मनी गेली. प्लंबर आता नुसताच यायचा, चालत.

“अहो, निदान तुम्ही तरी मान वर करून बोला,” मंगलाताई म्हणाल्या.

“मी बोलतो गं,” हेमंतराव म्हणाले, “पण लोक मध्येच शिडीचं विचारतात.”

मग मे उजाडला.

भोपाळचा मे म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. दुपारी रस्ते ओस पडतात, तळ्याकडून येणारा वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा येतो, आणि आधी कूलर थकतात, मग एसी. अवधपुरीत गेल्या दोन-तीन वर्षांत कितीतरी नव्या इमारती झाल्या, प्रत्येक खिडकीखाली एक एसी लटकला. पण ते दुरुस्त करणारे हात मात्र तेवढेच राहिले. कंपन्यांना फोन केला तर एक गोड बाई आपला कॉल किती महत्त्वाचा आहे ते सांगायची आणि बासरी लावून निघून जायची.

लोकांना सायलीची आठवण झाली.

ती दिवसभर कुणाच्या तरी भिंतीला लटकलेली असायची. फोन उचलणार कधी? तिने कामाचा फोन आईच्या हातात दिला. “आई, नाव, पत्ता आणि काय बिघडलंय, एवढंच विचार. संध्याकाळी मला सांग. बाकी काही नको.”

पण मंगलाताईंनी मुख्यतः बाकीच केलं.

पहिल्याच दिवशी कारखान्याच्या एका माजी महाव्यवस्थापकांचा फोन आला. हे साहेब पूर्वी कधी समोर आले तर मंगलाताईंकडे न बघता त्यांच्या मागच्या भिंतीला नमस्कार करत. आता म्हणाले, “मंगला भाभीजी, आप ही का सहारा है.” मंगलाताईंनी फोन कानाला लावून थोडं थांबून घेतलं. मग त्यांच्या तोंडून आयुष्यात प्रथमच तो शब्द निघाला, जो हेमंतरावांनी खरेदी विभागात तीस वर्षं ठेकेदारांना ऐकवला होता.

“बघते.”

काय ती चव होती! संध्याकाळी साहेबांचा ड्रायव्हर आंब्याची पेटी ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा एसी चालू झाला. मग पेट्या वाढल्या. पापड आले, लोणची आली, कुणी माहेरहून आणलेली वऱ्हाडी चटणी पाठवली. मंगलाताई दुपारी ओसरीत खुर्ची टाकून बसत, मांडीवर फोन. जे मंडळात हसून बोलले होते ते आधी. ज्यांनी “अडचण आहे का” विचारलं होतं ते शेवटी. तिवारीजी मधोमध, कारण ते दोन्हीकडून बोलले होते.

हेमंतरावांच्या भाषणात जर्मनी परत आली, आणि शेवटी एक नवं वाक्यही. “आणि मित्रहो, हे मी नुसतं बोलत नाही. माझी स्वतःची मुलगी...” इथे ते गळा दाटून आल्यासारखं थांबत. सायलीला घडवण्यात त्यांचा वाटा काय, असं कुणी विचारलं नाही हे बरंच झालं.

आणि एका सकाळी रत्नप्रभाताईंचा फोन आला.

“मंगलाताई, आमच्या खोलीतला एसी बंद पडलाय. तुमच्या त्या... सायलीला पाठवून द्या आज.”

‘तुमच्या त्या’ आणि ‘सायली’ यांच्यामध्ये जी जागा होती, ती मंगलाताईंनी बरोबर मोजली. “बघते,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभाताईंचा आवाज उतरलेला होता. “ह्यांना उकाडा सोसत नाही हो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

“उद्या बघते.”

तिसऱ्या दिवशी त्यांची सून संपदा बोलली, अगदी अजिजीने. चौथ्या दिवशी पुन्हा रत्नप्रभाताई. त्या दिवशी मंगलाताईंना मोह आवरला नाही. त्या म्हणाल्या, “एवढ्यात पाऊस पडेल असं वाटतंय, ताई. थोडं थांबा.”

फोन ठेवल्यावर त्या एकट्याच हसल्या. इतकं गार त्यांना कुठल्याच एसीने वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या दुपारी सायली घरी येऊन जेमतेम जेवायला बसली होती, तेवढ्यात गेटपाशी स्कूटी थांबली आणि संपदा पळतच आत आली. चेहरा लाल, ओढणी डोक्याला गुंडाळलेली.

“सायली तूच ना? माझे सासरे चक्कर येऊन पडले. दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टर म्हणतात ऊन लागलं, उष्णतेने झालं. उद्या घरी सोडतील, पण म्हणतात थंड खोलीत ठेवा. यार, प्लीज, आज तरी चल ना. आम्ही कितने दिन से फोन करतोय.”

“कुणाचा फोन? मला कुणी काही सांगितलं नाही.”

संपदाने मंगलाताईंकडे पाहिलं. मंगलाताईंनी पाण्याचा तांब्या उगाच इकडून तिकडे ठेवला. सायलीने अर्धं ताट तसंच सोडून हात धुतले.

“आई, मला का नाही सांगितलंस?”

“तुझा दिवस भरलेला होता.”

“काल संध्याकाळी मी रिकामी होते. इथेच झोपले होते, तुझ्यासमोर.”

“त्यांनी मार्चमध्ये सगळ्यांसमोर आपली...” मंगलाताईंनी तांब्या पुन्हा जागेवर ठेवला. “सायली, तुला नाही कळायचं. आता कुठे लोक आपल्याला मान द्यायला लागलेत.”

“मान?” सायली फोन उचलून खिशात घालत म्हणाली. “आई, लोक तुला मान देत नाहीयेत. त्यांना गरम होतंय.”

ती पेटी घेऊन संपदाच्या मागे स्कूटीवर बसली आणि गेली. मंगलाताई ओसरीत उभ्या राहिल्या. कोपऱ्यात आंब्यांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. खालच्या पेटीतले आंबे सडायला लागले होते, त्यांचा वास आज पहिल्यांदाच नाकाला झोंबला.

रत्नप्रभाताईंच्या एसीत किरकोळ बिघाड निघाला. सायलीने चहा व्हायच्या आत तो नीट केला. हे कळल्यावर मंगलाताईंना जास्तच लागलं. काम मोठं असतं तर निदान म्हणता तरी आलं असतं की वेळ लागणारच होता.

संध्याकाळी त्या दवाखान्यात गेल्या. हेमंतराव म्हणाले, “मी येतो, मी बोलतो त्यांच्याशी.” मंगलाताई म्हणाल्या, “तुम्ही नकाच बोलू.”

नरहरराव सलाइन लावून पडले होते, डोळे मिटलेले. रत्नप्रभाताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. केस विस्कटलेले, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक बहुधा सुनेची. मंगलाताई शेजारी बसल्या. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं, पण तोंडाशी आलं ते एवढंच :

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणजे काय हो?” रत्नप्रभाताई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. “मुलाच्या रिसेप्शनला गारा पडल्या त्या चुकून. हे काही चुकून नाही.”

“नाही. मुद्दाम केलं.”

रत्नप्रभाताईंनी आता वळून बघितलं. “मी तुमच्या जागी असते ना, तर मीही हेच केलं असतं,” त्या म्हणाल्या. “अगदी हेच. पण म्हणून मी तुम्हाला माफ करेन असं समजू नका.”

“नाही समजत.”

“मग बसा. डॉक्टर आले की उठवा मला. डोळे उघडे राहत नाहीयेत.” आणि त्या भिंतीला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपल्या. मंगलाताई डॉक्टर येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

नरहरराव दुसऱ्या दिवशी थंड खोलीत परतले आणि हळूहळू बरे झाले. रत्नप्रभाताई मंडळात मंगलाताईंशी बोलू लागल्या, पण मोजकंच, आणि ते योग्यच होतं.

जूनच्या सुरुवातीला मंडळाने सायलीचा सत्कार ठरवला. सायली आलीच नाही. कोलार रोडला तिचं काम निघालं होतं. शाल हेमंतरावांनी घेतली आणि तिच्या वतीने पाऊण तास बोलले. भाषण रंगलं. जर्मनी झाली, मर्सिडीज झाली, गळा दाटला. शेवटी “कुणाला काही विचारायचं असेल तर” असं म्हटल्यावर मागून एक गृहस्थ उठले. डोळे पाणावलेले होते त्यांचे.

“वैरागडेसाहेब, फार सुंदर बोललात. अगदी पटलं. माझ्या मुलाचंच विचारायचं होतं. यंदा आयटीआय झालाय, वेल्डिंगमध्ये. तुमच्या ओळखीने कारखान्याच्या ऑफिसात कुठे टेबलावर चिकटवता येईल का त्याला?”

सभागृहात सगळ्यांनी माना डोलावल्या, अगदी रास्त मागणी असल्यासारख्या. हेमंतरावांनी माईक हातात धरून तोंड उघडलं, मिटलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माईक आपणहून खाली ठेवला. घरी येताना ते मंगलाताईंना म्हणाले, “हे लोक ऐकतात तरी का गं?”

“ऐकतात हो,” मंगलाताई म्हणाल्या. “तुम्हीसुद्धा स्वतःचं भाषण नुसतं ऐकतच होतात की.”

सायलीला नवीन शिकाऊ मात्र एक मिळाली, आणि ती भाषणामुळे नाही. विनिता लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली होती. एक दिवस संपदा येऊन सायलीला म्हणाली, “मला शिकवशील? एमबीए करून मी दिवसभर घरी बसतेय, आणि सासूबाई मला फोडणीसुद्धा टाकू देत नाहीत.” सायली म्हणाली, “आधी आठवडाभर शिडी आणि दोरी धर. मग बघू.” रत्नप्रभाताईंनी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी सुनेला डबा करून दिला.

पण संपदाचा कामाचा पहिला दिवस नेमका नरहररावांना तपासणीला न्यायचा निघाला. सायली सकाळी फोनवर कोर्समधल्या कुणाला तरी विनवत होती, “अरे यार, तीसरी मंज़िल है, अकेले कैसे...” तेव्हा मंगलाताई पदर खोचून बाहेर आल्या.

“मी येते.”

“तू? आई, काहीतरीच काय!”

“नुसती दोरीच धरायची ना?”

नवीन इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. एसीचं बाहेरचं युनिट खिडकीखालच्या कठड्याला टांगलेलं. सायलीने पट्टा कमरेला बांधला, दोरीचा फेरा खिडकीच्या जाड गजाला घातला, उरलेलं टोक आईच्या हातात दिलं, आणि बोलता बोलता एक पाय खिडकीबाहेर टाकला.

मंगलाताईंनी दोरी दोन्ही हातांनी धरली. इतके महिने त्यांनी या कामाचा सगळ्या बाजूंनी विचार केला होता. लोक काय म्हणतील, लग्न कसं जमेल, आंब्याची पेटी कुठली गोड निघेल. ही उंची मात्र त्यांच्या कधी मनातच आली नव्हती. खाली रस्त्यावरून जाणारे लोक बोटभर दिसत होते. सायलीच्या मानेवर घाम होता, कोपराला भाजल्याचा जुना डाग होता. तो कधी पडला, हे त्यांना माहीत नव्हतं.

“सायली, आत ये,” असं त्यांच्या ओठांवर आलं.

“आई, पाना दे.”

त्यांनी एका हाताने दोरी घट्ट धरून दुसऱ्याने पेटीतून एक काढून दिला.

“हा नाही. मोठा.”

त्यांनी मोठा दिला. सायलीने न बघताच तो घेतला आणि तिचे हात सरसर चालू लागले.

घरमालकीण बाई पंख्याखाली ओढणीने वारा घेत हे सगळं बघत होती. ती मंगलाताईंकडे वळून म्हणाली, “आप इनकी हेल्पर हैं क्या?”

मंगलाताईंनी दोरीवरून नजर हलवली नाही.

“हाँ,” त्या म्हणाल्या. “नई हूँ.”